तिरुवल्लिकेणीचा गोलकीपर

मी कुठं जाऊन आलो की पेठेतली पोरं आधी विचारतात, "मग तात्या, ह्या वेळी काय घोटाळा?" गावोगाव जाऊन घोटाळे करायचे आणि परत येऊन ते मीठमसाला लावून सांगायचे, एवढीच माझी कमाई. काशीला भलत्याच्या वडिलांचं श्राद्ध करून आलो. गोव्यात भलत्याच लग्नात जेवून, नवरीला आहेर देऊन, व्याह्यांशी दोन शब्द भांडूनही आलो. तसा चेन्नईतही मी कमी पडलो नाही, ते येईलच पुढे. पण ह्या प्रवासातला मोठा घोटाळा चेन्नईतला नाही. तो चाळीस वर्षांपूर्वीचा, कोल्हापुरातला आहे. तो सांगायला मला एवढ्या लांब जावं लागलं.

बाहेरच्या वाचकांना सांगायला हवं, की आमच्याकडे फुटबॉल हा तालमीचा खेळ आहे. पेठेची तालीम, तालमीत मारुती, खाली कुस्तीचा हौदा आणि वर खुंटीला फुटबॉलचे बूट. मॅचच्या दिवशी मारुतीला नारळ फोडून, हलगी वाजवत टीम मैदानात जाते. पलीकडच्या पेठेत दिलेली लेक त्या आठवड्यात माहेरी येत नाही. आली तरी मॅचचं बोलत नाही.

मी आमच्या तालमीचा स्टॉपर होतो, म्हणजे बचावातला शेवटचा माणूस. माझ्या मागं फक्त गोलकीपर, वसंता. आमची दोघांची एकच गल्ली आणि एकच शाळा. नापासही एकाच विषयात. त्या वर्षी फायनलला पलीकडच्या पेठेविरुद्ध आम्ही एका गोलनं पुढे होतो, पाच मिनिटं उरली होती, आणि वस्तादांचा हुकूम होता, "दाम्या, जागा सोडलीस तर तंगडं मोडीन." तेवढ्यात आम्हाला कॉर्नर मिळाला. हलगी कडाडत होती. मला वाटलं, आपणही डोक्यानं एक गोल मारावा, उद्या पेपरात नाव यावं. गेलो वर. चेंडू उलटा फिरला, त्यांचा फॉरवर्ड माझ्या रिकाम्या जागेतून सुटला, वसंता एकटा पुढे धावला आणि चेंडू त्याच्या बगलेतून गेला. बरोबरी झाली. जादा वेळेत अजून एक गोल बसला आणि हरलो.

तालमीत वस्तादांनी मला सगळ्यांसमोर विचारलं, "का गेलास वर?"

मी म्हणालो, "वसंतानं मागनं हाक दिली, वर जा म्हणून."

वसंतानं असली हाक दिली नव्हती.

आता वसंताची थोरली बहीण, शांताक्का, दिली होती नेमकी त्याच पलीकडच्या पेठेत. पेठेला एवढं पुरलं. मेव्हण्यासाठी स्टॉपरला मुद्दाम वर पाठवलं, मॅच विकली. रात्री वसंताच्या कौलांवर दगड पडले, सकाळी दारात कुणी फाटका चेंडू टांगला. आठ दिवसांत वसंता मद्रासला निघून गेला. तिथं गिंडी भागात कुणा ओळखीच्याच्या कारखान्यात लेथवर लागला. पेठेत परत आला नाही. आईच्या वेळी घाटावर दिवस करून तिथूनच माघारी गेला. शांताक्काच्या वेळी तेही नाही.

आणि मी? मी पुढची सहा वर्षं खेळलो. पेपरातही नाव आलं.

यंदा तालमीनं जुन्या खेळाडूंचा सत्कार ठरवला. कमिटी मोठ्या मनाची. "झालं गेलं विसरूया, वसंतालाही बोलवूया," असं ठरलं. त्याला माफ करायचं, आणि आणायला कुणाला पाठवायचं? "दामूतात्या! दोस्त न्हवं का त्यांचा!" मी भडंगाचे दोन डबे आणि कोल्हापुरी चपलांचा एक जोड घेऊन निघालो.

पहिला दिवस, तिरुवल्लिकेणी

स्टेशनातून बाहेर पडून बस पकडली. गर्दी होती, पण डावीकडची एक जागा मला बघून मोकळी झाली. शेजारच्या बाई उठून उभ्याच राहिल्या. म्हटलं, काय हा ज्येष्ठांचा मान! मी बसलो, हात जोडले. बाई काही बोलल्या, मी हसलो. मागच्या दोघी बोलल्या, त्यांनाही हसलो. कंडक्टरनं शेवटी खांद्याला धरून उठवलं, तेव्हा डोक्यात उजेड पडला: इथं बसची डावी बाजू बायकांची. उरलेला प्रवास दांड्याला लोंबकळत, भडंगाचा डबा छातीशी धरून केला.

तिरुवल्लिकेणी ही चेन्नईतली जुनी, दाट वस्ती; तिथं 'मॅन्शन' म्हणजे राजवाडा नव्हे. चार मजली इमारत, मजल्यावर वीस खोल्या, प्रत्येक खोलीत एकटा पुरुष. कुणी नोकरी शोधणारा, कुणी परीक्षा देणारा. सगळे दोन-चार वर्षांचे पाहुणे. वसंता मात्र इथं चाळीस वर्षं राहिला. तिसऱ्या मजल्यावर दाराशी उभा होता. केस गेलेले, कमरेला पांढरी वेष्टी, म्हणजे लुंगीसारखं धोतर, हात मात्र तेच, फावड्यासारखे. बोटं तीन ठिकाणी वाकडी.

"आलास का रं दाम्या," तो म्हणाला. जणू मी कोपऱ्यावरून पान घेऊन आलो होतो.

त्याची भाषा ऐकून मला कसंतरी झालं. आमची पोरंसुद्धा आता असं बोलत नाहीत. चाळीस वर्षांपूर्वीची पेठ त्याच्या तोंडात जशीच्या तशी राहिली होती, फक्त वाक्याचा शेवट तमिळ हेल घेऊन वर जायचा.

खोलीत खाट, दोरीवर कपडे, स्टोव्ह आणि भिंतीवर आमच्या टीमचा फोटो. त्यात माझा हात त्याच्या खांद्यावर. मी खाटेवर फोटोकडे पाठ करून बसलो.

सत्काराचं मी लगेच सांगितलं. तो भडंग खात ऐकत होता. "लसूण कमी पडलाय," म्हणाला. मग त्यानं डब्याचं झाकण लावलं. म्हणाला, "माफ करणार म्हण मला."

"तसं न्हवं, वसंता..."

"तसंच हाय की. चल, चहा घेऊ. खाली सगळी वाट बघायलीत तुझी."

मला वाटलं, सहज म्हणाला.

खाली सेल्वमचं चहाचं दुकान. सेल्वम पन्नाशीचा, आडवा, आवाज असा की पातेल्याला कंप सुटावा. दुसऱ्या दिवशी चेन्नईच्या संघाची प्लेऑफची मॅच होती. परगावची पहिली मॅच चेन्नईनं एका गोलनं जिंकली होती, त्यामुळं घरच्या मैदानावर नुसती बरोबरी झाली तरी संघ फायनलला जाणार होता. मग हल्ला करायचा की गोल सांभाळून बसायचं, यावर दुकान दोन बाकांत फाटलं होतं. हल्ल्याच्या बाकाचा पुढारी सेल्वम. बचावाच्या बाकावर राव. हे रेल्वेतून निवृत्त झालेले तंजावरचे मराठी गृहस्थ. त्यांचं घराणं कित्येक पिढ्या तिकडचंच. त्यांचं मराठी ऐकताना वाटायचं, समोर बखर उघडली आहे आणि पानाला सांबाराचा वास येतो आहे.

वसंता म्हणाला, "हा दामू." आणि दोन्ही बाकं उठून उभी राहिली.

"स्टॉपर दामू सार!" सेल्वमनं माझा हात दोन्ही हातांत धरला.

"या, बसा दामोदरपंत," राव म्हणाले. "तुमचें नांव इथें अस्के जाणतात." अस्के म्हणजे सगळे. "वसंतराव सांगतात, ऐसा बचाव करणारा दुसरा जाला नाहीं. हलगी वाजो, शिव्या पडो, जागेवरून हालणार नाहीं. आयुष्यांत एकदांच वर गेलांत, तेही वसंतरावांनी हाक दिली म्हणून. चूक त्यांची, तुमची नाहीं, ऐसें तेच सांगतात."

मी वसंताकडे बघितलं. तो बशीत चहा ओतत होता. इथं बशीत कुणी चहा ओतत नाही.

माझी थाप वसंतानं चाळीस वर्षं स्वतः लोकांना सांगितली होती, तीही माझी थोरवी म्हणून.

"आता तुम्हीच सांगा सार," सेल्वम तमिळ, हिंदी, इंग्रजी एकत्र उकळून बोलायला लागला आणि राव गाळून मला देत गेले. "घरचं मैदान, घरचे लोक! आणि हे म्हणतात मागं बसा! लोक तिकीट काढून काय बघणार, अकरा जणांची पाठ? दुकान उघडून मी आत लपून बसतो का? पुढे जाऊन गिऱ्हाइकाला हाक मारतो!"

राव शांतपणे म्हणाले, "आणि तूं हाका मारतोस तेव्हां मागें तुझें दूध उतूं जातें. आज सकाळचें तिसरें पातेलें."

बचावाचं बाक फुटून हसलं. सेल्वमनं वळून बघितलं. दूध खरंच वर येत होतं. तो धावला, पातेलं उतरवलं, आणि तिथूनच ओरडला, "उतू गेलं तर दुसरं तापवीन! पण हाक मारणारच!"

"दुसरें पातेलें आहे म्हणून. गोल दुसरा असतो काय?" राव माझ्याकडे वळले. "बोला दामोदरपंत. तुमचा शब्द शेवटचा."

सगळं दुकान माझ्या तोंडाकडे बघत होतं. आयुष्यभर मला लोकांनी हसत बघितलं. असं मानानं बघितलं नव्हतं.

खरं सांगायची वेळ तीच होती. मी घसा साफ केला आणि बचावावर दहा मिनिटं भाषण ठोकलं. जागा सोडू नये. मागचा माणूस आपल्या भरवशावर उभा असतो. पेपरात नाव नाही आलं तरी चालेल. टाळ्या पडल्या. सेल्वमनं हरल्यासारखं करून चहा पाजला. वसंतानं सगळं भाषण मान खाली घालून ऐकलं. शेवटी एवढंच म्हणाला, "झ्याक बोललास."

दुसरा दिवस, गिंडी आणि स्टेडियम

सकाळी गिंडीला गेलो. वसंता निवृत्त आहे, पण त्या छोट्या कारखान्यात आठवड्यातून तीन दिवस नवीन पोरांना लेथ शिकवायला जातो. तिथं त्याला 'कोलापूर सार' म्हणतात. ज्या गावानं त्याला हाकललं, त्याच गावाच्या नावानं हा माणूस चाळीस वर्षं ओळखला गेला. मला तिथल्या तेलाच्या वासातही उभं राहवेना.

दुपारी जेवायला खानावळीत. केळीच्या पानावर भात आणि सांबार आलं. चांगलं होतं, दोनदा मागून घेतलं, बोटं चाटली, पान मिटणार तोच वाढप्यानं पुन्हा भाताचा डोंगर ओतला आणि वर रसम. म्हटलं, आग्रह दिसतोय. संपवला. पुन्हा भात, आता ताक. वसंता हसायला लागला. त्याची ती जुनी हसण्याची तऱ्हा, खांदे हलतात पण आवाज येत नाही.

"तीन हप्त्यांत असतंय हे, मर्दा. पहिल्याच हप्त्याला गोल मारायला गेलास."

मीही हसलो. मग दोघंही एकदमच थांबलो.

मॅच पाचची. स्टँडमध्ये सगळे एकत्र बसलो. मागच्या ओळीत शहराबाहेरच्या ओरगडमच्या गाड्यांच्या कारखान्यातली चार मराठी पोरं होती. आमचं बोलणं ऐकून एकानं विचारलं, "काका कोल्हापूरचे? मग काय म्हणता, अटॅक का डिफेन्स?" सेल्वमनं उत्तर माझ्याआधी दिलं आणि वाद मागच्या ओळीतही सुरू झाला.

चेन्नईचा संघ बसून राहिला. रावांच्या मनासारखं. नव्वद मिनिटांत बघण्यासारखं म्हणाल तर स्टँडमधली सेल्वमची येरझार. गोल नाही, कुणाचाच. शेवटची पाच मिनिटं उरली आणि चेन्नईला कॉर्नर मिळाला.

ढोल घुमायला लागले. चेन्नईचा स्टॉपर मधल्या रेषेवर घुटमळत होता. एक पाय पुढे. सेल्वम उभा राहून "पो! पो!" ओरडत होता, म्हणजे जा, जा. आणि पार दुसऱ्या टोकाला, रिकाम्या अर्ध्या मैदानात, एकटा गोलकीपर दोन्ही हात हलवत काहीतरी ओरडत होता. वर जा म्हणत होता की माघारी ये, इतक्या लांबून काही कळत नव्हतं.

सगळं स्टेडियम कॉर्नरकडे बघत होतं. वसंता बघत होता गोलकीपरकडे. मी वसंताकडे.

तो वाकून माझ्या कानाशी आला. "दाम्या, एक विचारू? खरं सांगशील?"

"विचार की."

"त्या दिवशी मी खरंच 'वर जा' म्हणालो होतो काय रं?"

मला वाटलं, तो मला पकडतोय. पण त्याच्या चेहऱ्यावर तसं काहीच नव्हतं. तो खरोखरच विचारत होता.

"पहिल्यांदा मला पक्कं ठावं होतं, की न्हाई म्हणालो. मग सगळी पेठ म्हणती म्हटल्यावर... हलगी वाजत होती, मी काय काय ओरडत होतो. म्हणालो बी असंन. आता मलाच आठवंना. जवळ तू एकटाच होतास."

मी कानावर हात ठेवला, ढोलाकडे बोट दाखवलं, ऐकू येत नाही असं केलं.

त्यानं मान हलवली आणि पुन्हा समोर बघायला लागला. स्टॉपर वर गेला नाही, मागे वळून आपल्या जागेवर आला. कॉर्नर वाया गेला, बरोबरी झाली, चेन्नई फायनलला गेली. सेल्वम जिंकूनही तोंड पाडून म्हणाला, "जिंकलो. पण बघितलं काय?" त्या स्टॉपरचं नाव बाहेर पडताना कुणी घेतलं नाही.

तिसरा दिवस, मरीना

मला झोप लागली नाही. उजाडल्यावर वसंता रोजच्यासारखा समुद्रावर निघाला, मी त्याच्या मागून. नव्या चपला त्यानं घातल्या होत्या, वाळूत शिरेपर्यंत करकर वाजत होत्या. पाण्यापाशी येऊन तो थांबला. होड्या परत येत होत्या. त्याच्याकडे न बघता, होड्यांशी बोलावं तसं मी बोललो.

"तू 'वर जा' म्हणाला न्हवतास."

त्यानं वेष्टी गुडघ्यापर्यंत वर खोचली.

"तू 'माघारी ये' म्हणून ओरडत होतास. तीनदा. मला ऐकू आलं होतं, वसंता. ऐकूनच गेलो."

एक लाट आली, आमचे पाय भिजवून गेली. त्यानं चपला काढून हातात घेतल्या, पाणी झटकलं. मला वाटलं, तोंडावर मारेल. मारायला हवं होतं त्यानं.

"म्हणजे मला वेड लागलं न्हवतं," तो म्हणाला.

मग चपला वाळूत ठेवून त्यानं विचारलं, "अक्का काय म्हणायची रं? तिला बी तसंच वाटायचं?"

शांताक्का मला मंडईत भेटायची. प्रत्येक वेळी तेच वाक्य, "माझा भाऊ असं करायचा न्हाई." माझ्या डोळ्यांत बघून म्हणायची, आणि मी भाजीच्या पिशवीत बघायचो. हे मी त्याला सांगितलं. गेली त्याच्या आधी महिनाभर दवाखान्यात भेटलो, तेव्हाही तिनं हेच सांगितलं होतं. तेही सांगितलं.

वसंता खाली वाळूत बसला. ते वाकड्या बोटांचे मोठे हात त्यानं तोंडावर धरले आणि त्याचे खांदे हलायला लागले. आवाज नाही. लांबून कुणी बघितलं असतं तर वाटलं असतं, म्हातारा हसतोय.

मी शेजारी उभा राहिलो. बसायची हिंमत झाली नाही.

परत येताना त्यानं रस्त्यावर एवढंच सांगितलं, "मी आत्ता येत न्हाई. तू तिथं जाऊन सांग. सगळ्यांच्या म्होरं सांग. मग बघू."

दुकानापाशी रावांनी विचारलं, "दामोदरपंत, निघालांत? पुन्हां केव्हां?" सेल्वमनं पैसे घेतले नाहीत. वसंतानं त्यांना काही सांगितलं नव्हतं. पुढेही सांगेल असं वाटत नाही.

कोल्हापूर

सत्काराला मला भगवा फेटा, शाल आणि नारळ दिला. हॉल भरलेला होता. अध्यक्ष म्हणाले, "आता तात्यांचं चेन्नईपुराण!" मी माईकसमोर गेलो आणि जिभेला जी सवय तीच लागली. बसमधल्या बायका सांगितल्या, हॉल हसला. तीन हप्त्यांचा भात सांगितला, लोक खुर्च्यांवरून कलंडले. मग मी थांबलो आणि म्हणालो, "वसंतानं मला वर जा म्हटलं नव्हतं. मी खोटं बोललो. मॅच मी घालवली."

सगळ्यात मोठा हशा त्यालाच आला.

"खरं सांगतोय," मी म्हणालो. पुन्हा हशा. कुणी शिट्टी मारली. "वसंताची काही चूक नव्हती," मी ओरडलो. अध्यक्षांनी डोळे पुसत माझ्या पाठीवर थाप मारली. "ह्या माणसाला तोड न्हाई! मित्राचं पाप बी आपल्या अंगावर घेतोय बघा!" टाळ्या पडल्या. फेटा डोळ्यांवर आला होता, तो सारखा करत मी खाली उतरलो.

दुसऱ्या दिवशी वसंताचा फोन आला.

"सांगितलंस?"

"सांगितलं."

"सगळ्यांच्या म्होरं?"

"सगळ्यांच्या."

"मग? काय म्हणाली लोकं?"

हॉल हसला, हे मी त्याला कसं सांगणार? मी म्हणालो, "सगळी गप्प झाली."

पलीकडे दुकानात दूध उतू गेल्याचा आणि सेल्वमच्या ओरडण्याचा आवाज आला. मग वसंता म्हणाला, "बरं केलंस, दाम्या. मग येतो की रं सीझनला. अक्काच्या दारावरनं एकदा जाऊन येतो."

त्यानं तिकीट काढलं आहे. हिवाळ्यात सीझन सुरू होईल, पहिल्या मॅचच्या दिवशी तो चाळीस वर्षांनी पेठेत पाय ठेवेल. त्याला वाटतंय, तिथं सगळ्यांना ठाऊक आहे. आणि पेठ हार घेऊन उभी असेल, त्याला माफ करायला.

बोललेलं माझं कुणी खरं मानत नाही, म्हणून हे लिहून काढलं. बसचं आणि भाताचं वाचून हसला असाल तर हरकत नाही, ते हसण्यासारखंच होतं. पण आमच्या पेठेतलं कुणी हे वाचत असेल, तर वस्तादांनी विचारलं होतं तिथून पुन्हा एकदा वाचा. माझ्याकडे न बघता वाचा. वसंता यायच्या आत.